दुबार

ओउलूत नोव्हेंबर म्हणजे दुपारी तीनला दिवे.
आमची कार्यशाळा छोटी: सात माणसं, दोन भट्ट्या,
कॉफीच्या कपांवर प्लास्टरचा धुरळा
आणि भिंतीला टेकून उभे
अजून कुणाचेच न झालेले पाय.

आधी सगळं हिल्का करायची.
सकाळी सातला, लोकरी मोजे घालून, संगणकापुढे.
उत्तरेच्या दवाखान्यांनी पाठवलेली मापं
एकेक उतरवून घ्यायची, नावं सारखी करायची,
पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची:
उजवा, गुडघ्याखाली, लाकूडतोड्या, घाई आहे.
चिठ्ठी फळीवर टाचायची.
टाचणी ओठांत धरूनच बोलायची, त्यामुळे
तिचं अर्धं बोलणं आम्हाला कधी कळलंच नाही.

मग मी ते जोडून दिलं. तीन आठवडे गेले.
किल्ल्यांची जोडी केली:
एक जगाला दाखवायची,
दुसरी सख्ख्या आईलाही नाही.
मधल्या सातशे किलोमीटर अंधारातून
माप जातं ते माप म्हणून जात नाही,
नुसती आकड्यांची भरड जाते.
वाटेत कुणी ओंजळ भरून घेतलीच
तर त्याला ना पाय दिसेल, ना नाव.
इथे पोचलं की बेरीज ताडायची.
जुळली, की फलकावर आपसूक एक कार्ड उगवतं
‘आलेलं’च्या रकान्यात.
साचा भरला की सरकतं. पट्टे बसले की सरकतं.
‘झालं’मध्ये पडलं की दवाखान्याला निरोप सुटतो
आणि कुणी कुणाला फोन करत नाही.

ताइस्तो म्हणाला, हेच तर हवं होतं. फोन नाही.

हिल्कानं टाचण्यांची डबी खणात ठेवली.
टाकून नाही दिली.

एका दुपारी ती म्हणाली, आयलू आला नाही.
कोण आयलू?
उत्स्योकीचा. डावा. दर वर्षी येतो,
पहिलं बर्फ टिकलं की.
मी फलक दाखवला: कार्ड नाही, म्हणजे माप नाही.
मग तो वाढायचा थांबला असेल, ती म्हणाली,
आणि ओठांत टाचणी नसतानाही
हे मला अर्धंच कळलं.

रात्री नोंदवही उघडली, यंत्राची.
तीन वाजून बारा मिनिटं: आलं. बेरीज जुळली.
खालची ओळ माझ्याच नियमाची.
तेच नाव, तोच पाय, तीच जन्मतारीख.
दुबार. वगळलं.
अकरा दिवस झाले होते.

पडद्यावर दोन मापं एकावर एक ठेवली,
गेल्या सालचं निळं, यंदाचं तांबडं.
निळ्याभोवती सगळीकडून तांबडी कड,
कुठे नखाएवढी, कुठे बोटभर.
न मावळणाऱ्या सूर्याचा एक अख्खा उन्हाळा होता तिथे,
कुंपणावरून मारलेल्या उड्या,
रेनडियरच्या मागे नदीपर्यंत धावणं,
पडणं,
सगळं मिलिमीटरमध्ये.
वाटेत काही बदलता कामा नये,
असं मी यंत्राला नीट बजावलं होतं.
पोरगं बदलणार, हे सांगायचं राहिलं.

नियम दुरुस्त करायला एक ओळ पुरली.
कार्ड उगवलं. त्यावर मी लाल ठिपका दिला,
आणि कुणी बघत नव्हतं तरी
खुर्चीत ताठ बसलो.

सकाळी हिल्कानं कार्ड वाचलं.
मला काही बोलली नाही.
खण उघडला, पिवळी चिठ्ठी लिहिली,
रिकाम्या फळीवर टाचली, एकटीच,
आणि मग उत्स्योकीला फोन लावला.
उशीर आमच्याकडून झाला, म्हणाली. शुक्रवारी निघेल.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही;
तिकडे असंच बोलतात.
मग एका बाईचा आवाज, घाई नसलेला:
भागवतोय तो जुन्यावरच.
आधी आत तीन मोजे घालायचा.
आता एकही नाही.